चावी दिल्यानंतरची पंचेचाळीस वर्षं

१४ ऑगस्ट २०२५ ला वरळीच्या बीडीडी चाळींतल्या, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सरकारी भाड्याच्या चाळींतल्या, ५५६ कुटुंबांना नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांची खोली गेली, ५०० चौरस फुटांचा फ्लॅट आला. माझं माहेर नायगावच्या बीडीडी चाळीतलं. आमचा नंबर अजून लागायचाय, पण त्या दिवशी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवाळी होती. मी लंडनच्या पूर्वेला न्यूहॅममध्ये राहते. चाव्यांचे ते फोटो बघताना मला इथला एक जुना फोटो सारखा आठवत होता. ऑगस्ट १९८०, लंडनच्या टोकाची हॅरोल्ड हिल नावाची वसाहत. इतकी वर्षं कौन्सिलचे, म्हणजे स्थानिक पालिकेचे, भाडेकरू असलेल्या एका कुटुंबाने आपलं राहतं घर विकत घेतलंय आणि पंतप्रधान मार्गारेट थॅचर स्वतः त्यांच्या दारात आल्यात.

दोन्ही फोटोंतला आनंद खरा आहे. आयुष्यभर भाडं भरलेल्या माणसाला ‘हे आता तुमचं’ असं ऐकायला मिळतं, तेव्हा त्याला काय वाटतं हे मला कुणी सांगायला नको. माझ्या आईने एका खोलीत, मोरीला पडदा लावून, अख्खा संसार केलाय. पण १९८० च्या फोटोनंतर इथे काय झालं, ते मी रोज बघते, कारण त्याच्या परिणामांतच माझं घर आहे. आणि मुंबईत सध्या घरांवरून जे वाद चालतात, घर फुकट द्यावं की नाही, किती फुटांचं द्यावं, पात्र कोण आणि अपात्र कोण, त्यांत एक प्रश्न जवळजवळ कुणी विचारत नाही. सगळी घरं मालकीने वाटून आणि विकून झाली, की पुढच्या पिढीला भाड्याने द्यायला सरकारकडे काय उरणार?

ब्रिटनमध्ये हा प्रश्न एकेकाळी राजकारणाच्या अगदी मधोमध होता. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांनी साडेचार लाखांच्या आसपास घरं राहण्यालायक उरली नव्हती. सहा वर्षं नवीन बांधकाम जवळपास बंद. सैनिक परत येत होते, लग्नं होत होती, आणि नवी जोडपी आईबापांच्या घरातल्या एका खोलीत दाटीवाटीने राहत होती. जुलै १९४५ च्या निवडणुकीत युद्ध जिंकून देणारे चर्चिल हरले, ते बऱ्याच अंशी याच प्रश्नावर. लोकांना युद्धानंतरचं घर हवं होतं.

तातडीचा उपाय म्हणून प्रीफॅब आले. कारखान्यात तयार केलेले भाग लॉरीतून आणायचे आणि जागेवर जोडायचे. १९४४ च्या कायद्याने सुरू झालेल्या या योजनेत सुमारे १ लाख ५६ हजार घरं उभी राहिली. त्यांतली काही ॲल्युमिनियमची घरं तर लढाऊ विमानं बनवणाऱ्या कारखान्यांतून बाहेर पडली. ही घरं साधारण दहा वर्षं टिकतील असा हिशेब होता. पण त्यांत फ्रिज होता, ओटा आणि कपाटं होती, आत न्हाणीघर आणि संडास होता, नळाला गरम पाणी होतं. ज्या कामगार बायकांनी आयुष्यभर पत्र्याच्या टबात पोरांना आंघोळी घातल्या आणि रात्रीच्या थंडीत अंगणातल्या संडासात गेल्या, त्यांच्यासाठी हे घर म्हणजे वेगळं जग होतं. दक्षिण लंडनच्या कॅटफर्डमध्ये एक्सकॅलिबर नावाची १८७ प्रीफॅबची वसाहत साठ वर्षांनंतरही नांदती होती. ती पाडायचं ठरलं तेव्हा तिथले रहिवासी घरं वाचवायला उभे राहिले. २००९ मध्ये त्यांतल्या सहा घरांना वारसा म्हणून संरक्षण मिळालं. तात्पुरत्या घरावरही माणसाचा जीव जडतो, हे चाळकऱ्यांना वेगळं सांगायला नको.

तरीही घरं पुरेनात. १९४६ च्या उन्हाळ्यात हजारो कुटुंबं आपलं सामान हातगाड्यांवर आणि प्रॅममध्ये घालून रिकाम्या लष्करी छावण्यांत घुसली आणि तिथेच राहू लागली. सप्टेंबरमध्ये तर केन्सिंग्टनसारख्या श्रीमंत भागातली डचेस ऑफ बेडफर्ड हाऊस ही फ्लॅटची इमारत त्यांनी ताब्यात घेतली. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला उल्हासनगर आठवलं. कल्याणजवळच्या युद्धकाळातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि १९४९ मध्ये त्या छावणीचं रीतसर उल्हासनगर झालं. एकाच युद्धाच्या बराकी, एकाच दशकात, दोन देशांत घरं झाल्या. त्यांच्याकडे बघायची सरकारांची नजर मात्र हळूहळू वेगळी होत गेली. आपल्याकडे लोकांनी आधी जागा धरायची आणि मग सरकारने ती कायदेशीर करायची, हीच पुढे घर देण्याची रीत होऊन बसली. इथे सरकारने घर बांधणं हेच आपलं काम मानलं.

ते ज्याने मानलं तो माणूस अनायरिन बेव्हन. वेल्सच्या ट्रेडेगर गावचा, तेराव्या वर्षी कोळशाच्या खाणीत उतरलेला. चर्चिलना हरवून आलेल्या ॲटलींच्या मजूर पक्षाच्या सरकारात तो आरोग्यमंत्री होता आणि त्या वेळी घरबांधणी आरोग्य खात्याकडेच होती. ज्या माणसाने १९४८ मध्ये एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, उभी केली, त्याच माणसाने कामगारांची घरंही बांधली. मी एनएचएसच्या रुग्णालयात नोकरी करते. ओलसर खोलीतून खोकत आलेलं पोर औषध घेऊन पुन्हा त्याच खोलीत जातं हे मी पाहिलंय, त्यामुळे ही दोन खाती एका टेबलावर असणं मला फार शहाणपणाचं वाटतं.

बेव्हनवर घाई करण्याचा प्रचंड दबाव होता. आकडा वाढवा, घरं लहान करा, असं विरोधक म्हणत होते आणि त्याच्या पक्षातलेही म्हणत होते. त्याने ऐकलं नाही. तीन बेडरूमच्या घराला किमान ९०० चौरस फूट हवेतच, वर आणि खाली दोन्हीकडे संडास हवा, असा त्याचा हट्ट होता. एक-दोन वर्षं लोक आपल्याला किती घरं बांधली यावरून जोखतील, पण दहा वर्षांनी कशी बांधली यावरून जोखतील, असं तो म्हणे. १९४९ च्या कायद्यात त्याने आणखी एक गोष्ट केली. तोवर कौन्सिलची घरं कायद्यानेच ‘कामगार वर्गासाठी’ होती. ते शब्द त्याने काढून टाकले. डॉक्टर, वाणी, खाटीक आणि शेतमजूर एकाच गल्लीत राहावेत, असं चित्र त्याच्या डोळ्यांपुढे होतं. सरकारी घर गरिबीचा शिक्का न होता कुणालाही अभिमानाने राहता येईल असं भाड्याचं घर व्हावं, अशी ती कल्पना होती. मला या देशाच्या अनेक गोष्टी पटत नाहीत, पण ही एक गोष्ट त्यांनी जगापेक्षा पुढे जाऊन केली होती, असं मी मनापासून मानते.

१९५१ मध्ये चर्चिल यांचा कॉन्झर्व्हेटिव्ह पक्ष सत्तेत आला तो वर्षाला तीन लाख घरांचं वचन देऊन. त्यांचे घरबांधणी मंत्री हॅरोल्ड मॅकमिलन यांनी १९५३ मध्ये ते पाळूनही दाखवलं, अर्थात घरं थोडी आक्रसून. मात्र सरकारने घरं बांधावीत यावर तेव्हा दोन्ही पक्षांचं एकमत होतं. दोघांची चुरस होती ती कोण जास्त बांधतो याची. मुंबईत १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली आणि भाडेकरू वाचले, त्याच सुमाराला इथे हे चाललं होतं. आपल्या त्या कायद्याने लाखो मराठी कुटुंबांना शहरात टिकवलं, हे विसरून चालणार नाही. पण गोठलेल्या भाड्यात मालक दुरुस्ती करेनात, पागडीचा काळा बाजार वाढला, जिने कोसळू लागले, आणि १९६९ मध्ये सरकारला दुरुस्ती मंडळच काढावं लागलं. तेव्हापासून मुंबईकराला भाड्याचं घर दोनच रूपांत माहीत आहे. एक पागडीचं, जे पडायला आलंय. दुसरं अकरा महिन्यांच्या कराराचं, जे कधीही सोडावं लागेल. तिसरं रूप आम्ही पाहिलंच नाही, म्हणून मालकीच्या घरापलीकडे आमची मागणी जात नाही. दादाशी माझे यावरून खटके उडतात ते इथेच. तो म्हणतो, “अगं, भाड्याचं घर ते घर असतं होय?”

असतं. १९६१ मध्ये इथे पार्कर मॉरिस समितीचा अहवाल आला. त्या लोकांनी सुरुवातच वेगळ्या ठिकाणाहून केली. खोली किती फुटांची हे आधी न ठरवता, घरात माणसं काय काय करतात ते पाहिलं. जेवणाचं टेबल कुठे मांडणार, पोरं अभ्यास कुठे करणार, प्रॅम कुठे ठेवणार, एक जण टीव्ही बघत असताना दुसऱ्याने वाचायला कुठे बसायचं, हिवाळ्यात खोली किती उबदार हवी. त्यातून चार माणसांच्या फ्लॅटला सुमारे ७५० चौरस फूट हा आकडा निघाला. १९६९ पासून कौन्सिलच्या घरांना ही मापं बंधनकारक झाली. आता आपल्याकडे पाहा. १९९५ च्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत २२५ चौरस फूट, मग २६९, मग ३००. धारावीत ३५०, बीडीडीत ५००. हे आकडे वाढले ते आंदोलनं, निवडणुका आणि चटईक्षेत्राच्या गणितामुळे. त्या घरात आजी कुठे झोपणार आणि दहावीतली मुलगी कुठे बसणार, यावरून आकडा ठरवल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. म्हणून बीडीडीच्या ५०० फुटांचा मला आनंद आहे, आणि ३०० फुटांत कोंबलेल्यांसाठी तितकाच राग आहे. त्यांचं कुटुंब काही निम्म्या उंचीचं नसतं.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी घडली. घर जायला लागलं की ते पडद्यावर यायला लागतं. डिसेंबर १९६० मध्ये ‘कोरोनेशन स्ट्रीट’ ही मालिका सुरू झाली, सॅल्फर्डच्या एकमेकांना चिकटून असलेल्या घरांच्या गल्लीची, आणि ती आजही चालू आहे. नेमक्या त्याच वर्षांत उत्तर इंग्लंडमधल्या तसल्या गल्ल्या बुलडोझरखाली जात होत्या. आपल्या चाळींवरच्या मालिका आणि नाटकं बघतानाही मला तेच जाणवतं. गॅलरीतल्या गप्पा, सगळ्यांचा मिळून गणपती, सगळं खरं. पण आईला पहाटे चारला उठून सामायिक संडासाची रांग लावावी लागे, तेही खरं. ते जाताना मला अजिबात वाईट वाटत नाही. इथल्या टीव्हीने निदान दुसरी बाजूही दाखवली. नोव्हेंबर १९६६ मध्ये बीबीसीवर ‘कॅथी कम होम’ हे नाट्य दाखवलं गेलं. एक साधं तरुण जोडपं भाडं थकल्यामुळे घर गमावतं आणि शेवटी सरकारी अधिकारी आईच्या हातातून मुलं काढून घेतात. देशाने ते रडत पाहिलं. त्यानंतर काही दिवसांतच, १ डिसेंबरला, बेघरांसाठी झगडणारी शेल्टर ही संस्था सुरू झाली. संस्थेची तयारी आधीपासून होती, पण त्या रात्रीने तिला लोकांच्या मनात जागा दिली.

हे सगळं सोनेरी होतं असं मला मुळीच म्हणायचं नाही. आपल्यासारख्यांना त्या घरांत दार नव्हतं. अनेक कौन्सिलांची अट होती की इतकी वर्षं या भागात राहिला असाल तरच यादीत नाव. त्यामुळे १९४८ नंतर आलेल्या कॅरिबियन आणि नंतरच्या भारतीय-पाकिस्तानी लोकांना खाजगी मालकांकडे जावं लागलं, आणि तिथे खिडकीत पाटी असे, काळ्यांना जागा नाही. १९५७ च्या कायद्याने भाड्यावरचं नियंत्रण सैल झालं आणि पश्चिम लंडनमध्ये पीटर रॅकमनसारख्या घरमालकांनी याच लोकांना पिळून काढलं. बर्मिंगहॅमजवळच्या स्मेथिकमध्ये कौन्सिलने मार्शल स्ट्रीटवरची घरं विकत घेऊन ती फक्त गोऱ्यांना देण्याचा घाट घातला होता. १९६५ मध्ये अमेरिकेतला कृष्णवर्णीय नेता माल्कम एक्स ती गल्ली पाहायला आला होता. मंत्र्यांनी कौन्सिलला परवानगी दिली नाही. पहिला वंशभेदविरोधी कायदा १९६५ चा, पण त्यात घरांचा विषयच नव्हता. १९६८ मध्ये तो घातला आणि त्या पाट्या बेकायदा झाल्या.

हे मी लिहिते कारण मुंबईत ‘मराठी माणसाला घर नाही, मांसाहारी असाल तर घर नाही, मुसलमान असाल तर घर नाही’ ही गोष्ट आपण अजून बातमी म्हणून वाचतो. २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी बाईंना जागा नाकारल्याचा व्हिडिओ गाजला. लोक चिडले, मग नव्या इमारतींत मराठी माणसांना राखीव घरं द्या अशी मागणी पुढे आली. त्यामागचा राग मला समजतो, माझाही तोच आहे. पण मला आरक्षणाआधी १९६८ सारखा साधा कायदा हवाय. जात, धर्म, भाषा, ताट पाहून घर नाकारणं हा गुन्हा ठरवा, सगळ्यांसाठी. आपल्याकडे २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी सोसायटीचा फक्त पारशांनाच घर विकण्याचा नियम ग्राह्य धरला. सहकारी सोसायटी ही खाजगी संस्था आहे, ती आपले सदस्य निवडू शकते, असं त्यामागचं तर्कशास्त्र. न्यायालयाने कायदा आहे तसा वाचला. तो बदलायचं काम विधानसभेचं आणि संसदेचं आहे, आणि त्यासाठी रस्त्यावर उतरलेला एकही पक्ष मला दिसत नाही.

टॉवरबद्दल थोडं. वरळीच्या नव्या इमारती चाळीस मजली आहेत. मी राहते तिथून रोनन पॉइंटची जागा लांब नाही. १६ मे १९६८ च्या पहाटे अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला आणि त्या बावीस मजली इमारतीचा एक पूर्ण कोपरा पत्त्यांसारखा खाली आला. चार माणसं गेली. इमारत नवीकोरी होती, लोक नुकतेच राहायला आले होते. १९५६ पासून सरकार जितके मजले जास्त तितकं अनुदान जास्त देत होतं, म्हणून कौन्सिलं उंच आणि झटपट बांधत सुटली होती. मग १४ जून २०१७ ला पश्चिम लंडनमधला ग्रेनफेल टॉवर जळाला. ७२ माणसं गेली. नूतनीकरणात बाहेरून लावलेली आवरणं ज्वालाग्राही होती, आणि तिथल्या रहिवाशांनी आगीच्या धोक्याबद्दल आधी लेखी इशारे दिले होते. उंची हा दोष नाही, हे मला मान्य आहे. लंडनमध्ये पन्नास वर्षं नीट चाललेले टॉवरही आहेत. प्रश्न आहे तो लिफ्ट कोण दुरुस्त करतं आणि तक्रार कोण ऐकतं हा. बीडीडीच्या नव्या इमारतींची देखभाल सुरुवातीची बारा वर्षं रहिवाशांवर नसेल. तेराव्या वर्षी चाळीस मजल्यांच्या लिफ्टचं आणि पंपांचं बिल पोस्टमन, गिरणीकामगाराची विधवा, भाजीवाली यांच्या दारात येईल. ते परवडलं नाही तर ते घर विकून विरारला जातील, आणि आपण म्हणू की त्यांना मुंबईची किंमत नव्हती.

आता १९८०. त्या वेळी ब्रिटनमधली जवळपास एक तृतीयांश कुटुंबं कौन्सिलच्या घरांत राहत होती. नर्स, बसचालक, शिक्षक, कारकून, सगळे. थॅचर सरकारच्या कायद्याने भाडेकरूंना राहतं घर विकत घेण्याचा हक्क दिला. तीन वर्षं राहिलेल्याला बाजारभावावर ३३ टक्के सूट, पुढे वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत. कौन्सिलच्या घराचा दरवाजा कुठल्या रंगाचा असावा हेही कौन्सिल ठरवत असे, त्या जाचाला लोक कंटाळले होते. म्हणून घर घेतल्याबरोबर अनेकांनी पहिलं काम केलं ते दार बदलण्याचं. त्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. माझ्या आईला कुणी अशी संधी दिली असती तर तिने मंगळसूत्र मोडून घर घेतलं असतं.

चूक पुढची होती. घरं विकून आलेले पैसे नवी घरं बांधायला वापरू नयेत, असे निर्बंध सरकारने कौन्सिलांवर घातले. पार्कर मॉरिसची बंधनकारक मापंही त्याच सुमाराला रद्द झाली. इंग्लंडमध्ये मिळून वीस लाखांच्या आसपास घरं विकली गेली आणि त्या बदल्यात नवी फारच थोडी उभी राहिली. मी राहते तो फ्लॅट त्यांतलाच. कौन्सिलने बांधला, ऐंशीच्या दशकात भाडेकरूने घेतला, त्याच्या मुलांनी विकला, आणि आता तो माझ्या घरमालकाच्या अनेक फ्लॅटांपैकी एक आहे. त्याने माझ्याशी कधी वाईट वर्तन केलेलं नाही. पण शेजारच्या दारात कौन्सिलची भाडेकरू असलेली आजी राहते, तिचा फ्लॅट माझ्यासारखाच, भिंतीला भिंत लागून, आणि ती जवळपास निम्म्या भाड्यात राहते. तिला कुणी उठवू शकत नाही. तिचा नातू मात्र त्याच कौन्सिलच्या यादीत आहे. इंग्लंडमध्ये तेरा लाखांच्या वर कुटुंबं अशा यादीत आहेत, आणि सव्वा लाखाहून जास्त कुटुंबं हॉटेलांत आणि तात्पुरत्या खोल्यांत दिवस काढतायत. त्यासाठी कौन्सिलं खाजगी मालकांना पैसे मोजतात, काही वेळा स्वतःच कधीतरी विकलेल्या घरांसाठी. स्कॉटलंडने २०१६ मध्ये आणि वेल्सने २०१९ मध्ये हा खरेदीचा हक्क बंद केला. इंग्लंडने २०२४ च्या शेवटी सूट खूप कमी केली. विकलेली घरं त्याने परत येत नाहीत.

माझ्या माहेरच्यांना मी हे सांगते तेव्हा त्यांना वाटतं मी बीडीडीच्या लोकांना मालकी देऊ नका म्हणते. नाही. ज्यांनी शंभर वर्षं त्या चाळी जिवंत ठेवल्या, त्यांचा तो हक्कच आहे, आणि ‘करोडोंचं घर फुकट’ म्हणून नाकं मुरडणाऱ्यांशी मी भांडायला तयार आहे. माझं म्हणणं उरलेल्या घरांबद्दल आहे. बीडीडीत पोलिसांची सेवानिवासस्थानं होती, म्हणजे आज एक हवालदार, तो निवृत्त झाला की दुसरा. २०२२ मध्ये सरकारने ठरवलं की तिथे राहणाऱ्या पोलीस कुटुंबांना ५०० फुटांचं घर १५ लाखांत मालकीने द्यायचं. त्या कुटुंबांचं भलं झालं, बरंच झालं. पण उद्या साताऱ्याहून किंवा बीडहून मुंबई पोलिसांत भरती होणाऱ्या पोराने कुठे राहायचं? बदलापूरहून दोन तास लोकलमध्ये उभं राहून रात्रपाळीला यायचं? एका पिढीच्या पोलिसांना घर दिलं आणि पुढच्या सगळ्या पिढ्यांचं निवासस्थान संपवलं. हॅरोल्ड हिलला जे झालं ते हेच.

आणि बीडीडीत बिल्डर म्हाडा स्वतः आहे. पुनर्वसनातून उरलेल्या जागेवर विक्रीच्या इमारती उभ्या राहणार आहेत. वरळीच्या बाजारभावाने त्या विकल्या तर समुद्र दिसणारे फ्लॅट कोण घेणार हे सगळ्यांना माहीत आहे. प्रकल्पाचा खर्च त्यातून निघायला हवा, ते मी समजू शकते. पण सगळेच्या सगळे विकायलाच हवेत का? जमीन सरकारची. केईएम आणि नायरच्या परिचारिका, बेस्टचे चालक, पालिका शाळेतले शिक्षक, अग्निशमन दलाचे जवान यांच्यासाठी काही मजले कायमचे भाड्याने ठेवता येतील. भाडं पगाराच्या ठरावीक हिश्शाएवढं. नोकरी आहे तोवर घर, आणि ते कधीही कुणाला विकायचं नाही, ही अट कायद्यात. म्हाडाच्या लॉटरीत लाखो अर्ज येतात आणि एखाद्याचं नशीब उघडतं. भाड्याचं एक घर पन्नास वर्षांत चार-पाच कुटुंबांना शहरात उभं राहू देतं.

राहत्या जागेची किंमत इथे किती गांभीर्याने धरतात याचं एक उदाहरण आपल्याच माणसाशी जोडलेलं आहे. प्रिमरोझ हिलजवळ किंग हेन्रीज रोडवरच्या १० नंबरच्या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये विद्यार्थी असताना राहिले. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने ते विकत घेतलं आणि स्मारक केलं. कॅमडेन कौन्सिलने संग्रहालयाला परवानगी नाकारली, तेव्हा आपल्याकडे संतापाची लाट आली. तो संताप मला पूर्ण समजतो. परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांत संसार केलेल्या आणि बडोद्यात महार म्हणून निवारा नाकारला गेलेल्या माणसाचं हे घर आहे. चौकशी होऊन मार्च २०२० मध्ये परवानगी मिळाली आणि आज तिथे गेलं की ऊर भरून येतो. पण कौन्सिलच्या नकाराचं एक कारण वाचून मी थांबले होते. संग्रहालय झालं तर शहरातली राहण्याची जागा कमी होते, असं ते होतं. एका घराची. मुंबईत गिरण्यांच्या जमिनींचं काय करायचं हे ठरत असताना, राहण्याची जागा कमी होते हे कारण देऊन कुणी एखादा मॉल अडवला असता तर गिरणगाव आज वेगळं दिसलं असतं.

दादाचा शेवटचा मुद्दा सगळ्यांत भारी आहे, आणि त्याला उत्तर द्यायलाच हवं. तो म्हणतो, “सरकार घरमालक झालं तर गळती कोण काढणार? बीडीडीचं मालक सरकारच होतं ना? स्लॅबचे तुकडे पोरांच्या ताटात पडायचे, तू विसरलीस?” विसरले नाही. आणि इथेही सरकारी किंवा निमसरकारी घरमालक चांगलाच असतो असं नाही. डिसेंबर २०२० मध्ये रॉचडेलमध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा घरातल्या बुरशीमुळे मेला. ते घर स्वस्त भाड्याने घरं देणाऱ्या एका संस्थेचं होतं, बापाने वारंवार तक्रार केली होती. २०२२ मध्ये मृत्युचौकशीत ते सिद्ध झालं, २०२३ मध्ये कायदा झाला आणि ऑक्टोबर २०२५ पासून अवाबच्या नावाचा नियम लागू झाला: ओल आणि बुरशीची धोकादायक तक्रार आली की सामाजिक घरमालकाने, म्हणजे कौन्सिलने किंवा अशा संस्थेने, ठरलेल्या दिवसांत तपासणी करून दुरुस्ती करायचीच, नाहीतर भाडेकरू त्याला कोर्टात खेचू शकतो. हा नियम यायला एका लेकराचा जीव जावा लागला, ही या देशाची शरम आहे. पण सरकारला घरमालक होऊ देतानाच हे कलम लिहून घेता येतं. म्हाडाच्या भाड्याच्या घरासाठी माझी पहिली अट हीच असेल: गळतीची तक्रार नोंदवल्यावर किती दिवसांत माणूस दारात येईल, आणि नाही आला तर त्या महिन्याचं भाडं कोण भरेल. दादाला मी हे लिहून पाठवलंय. तो म्हणाला, असं लेखी देत असतील तर नायगावच्या मीटिंगमध्ये मीच हा विषय काढतो.